ओमित्सूचा तीळ

"खळ लावून कागद एकदा का फळीवर पालथा घातला, की मूळ चित्र संपलं. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तोकुमात्सुसान!" छाप विकणाऱ्या मसुया पेढीच्या मुनिमाने, कानरोकूने, चहाचा पेला खाली ठेवला. "पण त्याशिवाय ठसा कोरायचा तरी कसा?"

उभा जन्म तोकुमात्सूने दुसरं केलं काय होतं? चित्रकाराचा पातळ कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवायचा, रेषा तेवढ्या राखायच्या आणि बाकीचं लाकूड उडवायचं. कोरून होईतो कागदाचा मागमूस उरत नसे. कितीतरी चित्रं अशी त्याच्या हाताखालून गेली होती. पण हा कागद ओमित्सूचा होता.

शेजारच्या म्हाताऱ्या चित्रकाराने ते चित्र सहज गंमत म्हणून काढलं होतं. रात्री दिव्यापाशी पायाची नखं काढत, वाकून बसलेली तोकुमात्सूची लेक. ओठाखालचा तीळसुद्धा म्हाताऱ्याने सोडला नव्हता. पटकीच्या साथीत ओमित्सू गेली, पाठोपाठ म्हाताराही गेला. फोटो काढायचा काढायचा म्हणून राहूनच गेला होता.

"कुणाकडून तरी नक्कल काढून घ्या की," तोकुमात्सू म्हणाला.

"नकलेत जीव नसतो हो. आणि आता योकोहामाचे गोरे व्यापारी फसत नाहीत. तिकडे फ्रान्सात मोठमोठे चित्रकार आपले छाप भिंतीला डकवतात आणि समोर बसून गिरवतात म्हणे. शाळकरी पोरांसारखे! मसुया पेढीने त्यांना नवं काही दिलं नाही, तर ते दुसरीकडे जातील."

तोकुमात्सूची बायको ओकिने देव्हाऱ्यापाशी होती. पहाटे उठून पितरांना ताजं पाणी ठेवायचं, भाताची पहिली वाटी दाखवायची, अमिदाबुद्धाचं नाव घ्यायचं, हा तिचा नेम लेक गेली त्या दिवशीही चुकला नव्हता. ते चित्र तिथेच, तिच्या नजरेसमोर असे.

"देऊन टाका," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"उदबत्तीच्या धुराने पिवळं पडत चाललंय. इथे मी एकटी बघते. दोनशे छाप निघाले तर दोनशे घरी कुणीतरी बघेल तिला."

"बघा, वहिनींना कळतं!" कानरोकू हसला. "नाहीतर तुम्ही. लाकूड कोरता कोरता लाकूडच झालात."

दुसऱ्या दिवशी तोकुमात्सूने कागद चिकटवला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, आलं नाही. त्याने केस कोरले, मानेची रेषा कोरली. चेहऱ्यावर नाक, डोळे, ओठ एवढंच राखायचं आणि गाल आरशासारखे साफ ठेवायचे, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. शाईचा ठिपका दिसला की तो शिंतोडाच असायचा. हात आपणहून उडवायचा. आजही हाताने उडवला. दोन्ही गाल साफ करून कीस फुंकल्यावर त्याच्या लक्षात आलं, की तो शिंतोडा नव्हता.

त्याने लाकडाची बारीक खुंटी तासली. ती फळीत ठोकून तिच्यावर नवा तीळ कोरता आला असता. पण ठोकायची कुठे? ओठाच्या या बाजूला की त्या? जन्मभर त्याने चेहरे फळीवर उलटेच पाहिले होते. ओमित्सूचा चेहरा आठवला की तो कधी सुलटा दिसे, कधी उलटा.

"अगं, ओमित्सूचा तीळ कुठल्या बाजूला होता?"

ओकिने भांडी घासत होती. "उजव्या," ती म्हणाली आणि ओला हात स्वतःच्या ओठाखाली नेला. डाव्या बाजूला.

"हा डावा."

"ती समोर बसायची ना. माझा डावा तो तिचा..." ती थांबली. हात दुसऱ्या बाजूला गेला, परत आला. भांड्यातलं पाणी ओघळत राहिलं.

"चित्र बघा की," ती म्हणाली आणि बोलल्यावर तिलाच कळलं.

तोकुमात्सू खुंटी बोटांत फिरवत राहिला.

"राहू दे," शेवटी तीच म्हणाली. "चुकीच्या जागी नको."

तीळ नसलेली ओमित्सू छापली गेली. आधी काळ्या रेषांचा ठसा, मग एकेका रंगाचा वेगळा. कानरोकू खूश झाला. "काय नितळ चेहरा साधलाय!" म्हणाला. एक छाप त्याने घरी ठेवायला दिला. ओकिनेने दोन्ही हातांनी तो घेतला, बघितला, "छान पोरगी आहे," म्हणाली आणि गुंडाळी करून फडताळात ठेवून दिली. देव्हाऱ्यापाशी लावला नाही.

पुढल्या वर्षी कानरोकू पुन्हा आला तो दारातूनच ओरडत. "वहिनी, ऐकलंत का? पॅरिसात एका चित्रकाराने आपला छाप घेतला आणि स्वतःच्या लेकीला तसंच बसवून चित्र काढलं. तेलरंगात! तीच वाकलेली मान, तीच नखं काढणं. व्यापारी स्वतः पाहून आला."

तोकुमात्सूने मान वर केली नाही. ओकिने चहा ओतता ओतता थबकली.

"आमच्या चित्रात दिवा होता," ती म्हणाली. "त्यात आहे का?"

कानरोकूचं हसू ओसरलं. रात्री नखं काढणारं मूल आईबापांच्या शेवटच्या घडीला जवळ नसतं, हे त्यालाही त्याच्या आईने बजावलं होतं.

"नाही, वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला. "खिडकी आहे म्हणे. भरदुपारचं ऊन."

"मग बरं," ओकिने म्हणाली आणि त्याचा पेला भरला.