दोन जावांमधली रेघ

"आज तरी तोंडाला जरा आवर घाल वहिनी," दिरानं गिरणीच्या दारातूनच सुरुवात केली. "दोरी धरायला निघालीयेस की गावाशी भांडायला?"

गिरणीवाली दगडाला टाकी लावत बसली होती. दगड घासून गुळगुळीत झाला की छिन्नीनं पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, नाहीतर पीठ जाडंभरडं येतं आणि बायका डबा तिच्यासमोर आपटून जातात. हातोडी न थांबवता ती म्हणाली, "भांडण मी उकरलं का रे? आपल्या आळीचे तीन तुकडे केले तेव्हा तू कुठं होतास?"

"रानात होतो. नांगर काय तू धरणार होतीस?"

"मग आजही जा रानात. माझ्या कानाशी कुरकुर करू नकोस."

दीर गेला नाही. धूळ झटकत उंबऱ्यावरच बसला. त्याला जायचंच नव्हतं, कारण आजच्या दिवसावर त्याचाही डोळा होता. वहिनी पंचायतीची सभासद झाली की मागून कारभार आपणच हाकायचा, हे त्यानं मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. वहिनीलाही ते ठाऊक होतं. भाऊ गेल्यापासून त्याला घरातला थोरला व्हायची फार हौस.

आता आळीचे तुकडे म्हणजे काय, ते ऐका. ओढ्याच्या वर मोठं गाव, ओढ्याच्या खाली ही आळी. गावाचे वॉर्ड पाडले वरच्यांनी, गावाच्या प्रमुखाच्या ओसरीवर बसून, चहा पीत. रेघ अशी वळवली की आळीचा वरचा तुकडा एका वॉर्डात, मधला दुसऱ्यात, शेवटचा तिसऱ्यात. एका म्हातारीची चूल एका वॉर्डात आणि खाट दुसऱ्यात गेली होती, खोटं नाही सांगत. आळीतली माणसं तिन्हीकडे थोडी थोडी, म्हणून तिन्ही सभासद वरच्या गावाचे, प्रमुख त्यातलाच एक. ओढ्यावर पूल मागायला गेलं की पहिला म्हणायचा दुसऱ्याला विचारा, दुसरा म्हणायचा तिसऱ्याला विचारा, आणि तिसरा घरात असून नाही म्हणून सांगायचा.

मागच्या पावसाळ्यात गिरणीवालीची जाऊ, म्हणजे या दिराची बायको, अडली. ओढा दुथडी भरून चाललेला, दवाखाना पलीकडं. गिरणीवाली म्हणाली, "थोडं थांबू, पाणी उतरेल." पाणी उतरलं नाही. जाऊ वाचली, मूल गेलं. तेव्हापासून दोघींची घरं भिंतीला भिंत लागून असूनही जाऊ तिच्याशी सरळ बोलली नव्हती. बोलायचंच असलं तर भिंतीकडे तोंड करून बोलायची. आणि गिरणीवालीला त्या दिवसापासून पुलाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

तिनं आळी उठवली. बायकांना घेऊन वरच्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, साहेबाच्या जेवणाची वेळ टळली तरी उठली नाही. शेवटी साहेब वैतागून म्हणाला, तुमची रेघ तुम्हीच आखा बाई, सगळ्या गावानं मिळून, सगळ्यांसमोर. तिन्ही वॉर्डांत माणसं सारखी असली म्हणजे झालं, मी सही करतो.

मग गावची सभा बसली. तिथं गिरणीवालीनं एक नियम ठणकावून मान्य करून घेतला. दोरीचं एक टोक वरच्या गावातल्यानं धरायचं, दुसरं आळीतल्यानं. आणि रेघ ज्याच्या घराशी येईल त्यानं दोरी खाली ठेवायची, बाजूला व्हायचं, अवाक्षर काढायचं नाही. रोख उघड प्रमुखावर होता. प्रमुखानं त्या दिवशी ओठ चावले, पण सभेपुढं नाही म्हणता येईना.

तर अशी ती दोरी त्या दिवशी निघाली. ऊन मी म्हणत होतं. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, वारा सुटला की डोळ्यांत माती. वरच्या गावाकडून शिंपी दोरी धरायला आला होता, आळीकडून गिरणीवाली. मागून चुन्याची फक्की टाकत मास्तर, आणि त्यांच्या मागं अख्खं गाव, एकमेकांना शिव्या मोजत.

प्रमुखाच्या गोठ्याशी रेघ आली. जुनी रेघ इथं वाकून गोठ्याला पोटाशी घेत होती. मास्तरांनी सरळ फक्की ओढली. प्रमुखाचं तोंड लाल झालं, पण तो बाजूला उभा राहिला. आळीतल्या पोरींनी फिदीफिदी हसून घेतलं.

ओढा ओलांडून दोरी आळीच्या तोंडाशी आली आणि मास्तर थांबले. घाम पुसत म्हणाले, "आळी सगळी एकत्र धरली तर इकडं माणसं जास्त होतात. तोंडाची चार घरं वरच्या वॉर्डात घालावी लागतील. रेघ या भिंतीवरून जाईल."

भिंत म्हणजे गिरणीची आणि जावेच्या घराची सामाईक भिंत. जाऊ आळीत. गिरणी प्रमुखाच्या वॉर्डात.

मग दीर पुढं आला. "छे छे! वहिनीनं राबराब राबायचं आणि वहिनीच बाहेर? ज्या वॉर्डात राहतो तिथंच उभं राहता येतं ना! मग आळीतून उभं कोण राहणार? वाकवा थोडी. एका घरानं काय आभाळ कोसळतंय?"

"वाकवा की," प्रमुख गोड आवाजात म्हणाला. गिरणीवालीनं झटकन वर पाहिलं. "माझी काही हरकत नाही. बाईंनी कष्ट केलेत. गिरणीशी जरा वाकवा, मग माझ्या गोठ्याशीही जरा वाकवू. हिशेब मिटला."

"बघ, प्रमुखही हो म्हणतायत!" दीर म्हणाला.

गिरणीवालीच्या अंगाची लाही झाली. एवढं सगळं केलं कशासाठी, त्या खुर्चीवर आपण बसायचं म्हणूनच ना? ती मनातल्या मनात कितीदा तरी सभेत उठून बोलली होती, प्रमुखाचं तोंड बंद केलं होतं. आणि आता आपलाच नियम आपल्या गळ्यात. वाकवा म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. पण प्रमुख हसत होता. ते हसणं तिनं पाहिलं आणि हातातली दोरी खाली टाकली. बाजूला झाली. एक अक्षर बोलली नाही.

"अगं बोल ना!" दीर ओरडला. "एरवी तर तोंड थांबत नाही! आळीला आता वाली कोण?"

"मी उभी राहते," कुणीतरी म्हणालं.

जाऊ होती. कडेवर पाण्याची कळशी, पदर डोक्यावर. तिनं कुणाकडे पाहिलं नाही.

दीर आ वासून राहिला. "तू? तुला काय कळतं त्यातलं?"

"ओढा कळतो," जाऊ म्हणाली. "टाका हो मास्तर फक्की."

फक्की पडली. आळीतला एकही जण गिरणीवालीला बरं म्हणाला नाही. उलट हिनं आळीला वाऱ्यावर सोडलं, अशीच कुजबुज झाली. दिरानं तर बोलणंच टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधीच प्रमुख आला. गड्याच्या डोक्यावर गव्हाचं पोतं. रांगेतल्या बायका बाजूला सरकल्या.

"काय गं गिरणीवाली," तो म्हणाला. "आता आमच्या वॉर्डात आलीस. आमच्या वॉर्डात कसं शांत असतं. माझ्याविरुद्ध कुणी उभं राहत नाही, मतं मागत फिरावं लागत नाही. तुलाही आता आराम."

"खरंच की," ती पट्टा चढवत म्हणाली. "एक विचारू का? ज्या वॉर्डात राहतो तिथं उभं राहता येतं ना?"

प्रमुख हसला. मग हसू अर्ध्यावरच राहिलं.

"आणखी एक. ओढ्याचा वरचा काठ तुमच्या वॉर्डात होताच. काल खालचाही आला. दोन्ही काठ आता एकाच वॉर्डात. पुलासाठी आजवर तुम्ही तिघं एकमेकांकडे बोट दाखवत होता. आता तुम्ही कुणाकडे दाखवणार?"

"पडशील," प्रमुख दात खात म्हणाला. "वरच्या गावातलं एक मत मिळणार नाही तुला."

"पडेन. पण पूल का नाही, हे तुम्हाला आता दारोदार सांगत फिरावं लागेल. आणि सभेत ही असेलच समोर." तिनं भिंतीकडे मान उडवली.

भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज थांबला. "ताई," जावेचा आवाज आला, सरळ तिलाच. "दोघी मिळून जाऊ गं अर्ज भरायला."

गिरणीवालीनं प्रमुखाच्या गड्याला दरडावलं, "पोतं मधे काय ठेवलंस? रांग तिकडून आहे."