तुमची सून लांब उभी करा

दिंडोरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या खोऱ्यात जीप आली, तेव्हा सिंधुबाई अंगणात भुईमूग वाळत घालत होती. मुंबईचे सिनेमावाले जागा बघायला येणार, हे सरपंच सहादू पाटलांनी बौद्धवाड्यात आधीच सांगून ठेवलं होतं. शूटिंग ठरलं तर गाड्यांसाठी कंपनी खोऱ्यात रस्ता करणार होती. रस्ता कुणाला नको होता? आदल्या पावसाळ्यात सिंधुबाईची जाऊ बाळंतपणाला डोलीतून नेताना वाटेतच गेली होती.

सिनेमावाल्यांचे साहेब कर्णिक. डोंगर, ओढा बघून खूश झाले. मग गावविहिरीपाशी थांबले आणि पाठोपाठ आलेल्या बौद्धवाड्यातल्या बायकांकडे वळले. सिंधुबाई सगळ्यांत पुढे होती.

"सीन इथेच करू. तुम्ही बायका लांब उभ्या, हात जोडून पाणी मागताय. वरून कुणीतरी तुमच्या घागरीत ओततंय. बाई, तुमचा चेहरा छान शोभेल. फक्त लुगडं फाटकं हवं."

सिंधुबाईची कानशिलं तापली. नवी नवरी असताना ती इथंच तशी उभी राहायची. बौद्ध झाल्यावर वाड्यातल्या बाया एकजुटीनं विहिरीवर चढल्या, त्या दिवशी तिच्या नवऱ्याचं डोकं फुटलं होतं. मारणाऱ्यांत सहादूचा थोरला भाऊ होता.

"मी नाय उभी राहनार," ती म्हणाली.

"अहो, तुमचंच दुःख जगाला दाखवायचंय."

"मंग आमी हिरीवर चढलो ते दाखवा."

"ते गोष्टीत नाही," कर्णिक समजुतीनं म्हणाले.

सहादू मध्ये पडला. "सिंधू, नाटकच तं हाय. रस्ता व्हतोय, आडवी नको येऊ."

"नाटकच हाय ना? मंग तुमची सून लांब उभी करा, पाटील. पानी मी वाढते."

"माझी सून हात जोडून उभी राहील व्हय?" सहादू तडकला.

"आन मी राहीन?"

कर्णिकांनी इतर बायकांकडे पाहिलं. वाड्यातली लंकाबाई पदर खोचून सिंधुबाईच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग बाकीच्याही आल्या. जीप निघून गेली, आणि शूटिंग दुसऱ्याच खोऱ्यात झालं.

गावानं सगळा दोष सिंधुबाईच्या माथी मारला. तिचा मुलगा वाल्मीकही एकदा म्हणाला, "आई, एक दिवस सोसलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"रस्ता आपला हक्क हाय," ती म्हणाली. "त्याच्यापायी परत हात जोडू?"

त्यानंतर बायांना घेऊन ती तहसील कचेरीच्या दारात बसली. हाकललं तरी पुन्हा गेली, वर्षानुवर्षं जात राहिली. अखेर रस्ता मंजूर झाला. नारळ सहादूनं फोडला. सिंधुबाईला बोलावणं नव्हतं. ती तरीही गेली, आणि सहादूचं भाषण संपेपर्यंत लोकांच्या पुढे उभी राहून त्याच्याकडे रोखून बघत राहिली.