रेणापूरची चौतारी

“बोल रे बाबा, बोल. किती रुसशील?”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नवी कोरी होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. गुरुबसप्पा मिस्त्री एका मुक्या रेडिओच्या पाठीवर थापटत होते. रेडिओ खरखरला, खाकरला आणि गाऊ लागला. मला वाटलं, आता मलाही हे असंच बोलतं करतील. पण माझी पाळी यायला फार वर्षं लागली.

मित्रांनो, मी रेणापूरच्या स्टँडसमोरच्या दुरुस्तीच्या दुकानातली एक जुनी केबल आहे. माझं एक टोक लॅपटॉपात बसतं. दुसऱ्या टोकाला चार तारा सुटतात. पांढरी तार माझा कान, हिरवी माझं तोंड. काळी म्हणजे पायाखालची जमीन, ती जोडल्याशिवाय कुणाशी बोलणं नाही. तांबडी विजेची. पण ज्याच्याशी बोलायचं त्याला स्वतःची वीज असते, वरून माझीही दिली तर तो जळायचा. म्हणून तांबडी मोकळीच राहते. गप्प राहणं हेही कधी कधी काम असतं, असं ती समजते.

माझा जन्म कुठल्या परमुलखात झाला, मला ठाऊक नाही. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून मिस्त्रींनी मला आणलं ते बंद पडलेले डिशचे डबे उठवायला. मिस्त्रींचा सारा जन्म आवाजाच्या धंद्यात गेलेला. तिथला नियम सरळ: तांबडी पिन तांबड्यात, पांढरी पांढऱ्यात, सारख्याला सारखं. त्यांनी माझं तोंड डब्याच्या तोंडाला लावलं आणि कान कानाला. आम्ही दोघं बोलत होतो, ऐकत कुणीच नव्हतं.

“एकतारीला एकच तार, तरी भजन रंगवती,” मिस्त्री चिडून म्हणाले. “ह्या चौतारीला चार, आन् आवाज न्हाई!”

त्यांनी मला खिळ्याला टांगलं. नाव तेवढं राहिलं, चौतारी. माझ्यावर कोळ्यानं घर बांधलं, मोडलं, पुन्हा बांधलं.

मग मिस्त्रींच्या घरात सून आली, जगदेवी. लातूरच्या तंत्रनिकेतनात शिकलेली. घरचं आवरलं की ती दुकानात येऊन स्टुलावर बसायची. एके दिवशी तिनं मला खिळ्यावरून काढलं, पदरानं पुसलं आणि हिरवी-पांढरीची अदलाबदल केली.

“मामा, तोंडाला कान लावायचा असतोय. तोंडाला तोंड लावलं की नुसतं भांडण.”

डबा बोलला! त्याचा पहिला शब्द मी ऐकला. सुईणीला बाळाचं पहिलं रडं ऐकून काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

मिस्त्री म्हणाले, “हं.”

तेवढंच. पुढे जगदेवीनं किती डबे, किती वायफायच्या पेट्या उठवल्या. गिऱ्हाईक विचारायचं, “कुणी केलं वो?” मिस्त्री म्हणायचे, “दुकानानं केलं.” लातूरच्या त्यांच्या उस्तादानं त्यांना तसंच शिकवलं होतं: हात कुणाचाही असो, नाव दुकानाचं. जगदेवी पुढचा डबा उघडायला घ्यायची. फक्त एकदा बहिणीला, शिवानीला, फोनवर म्हणाली, “सगळं दुकानच करतंय बग. मी काय करून राहिले? स्टूल गरम! अगं, बक्षीस नगं मला. एकदा नाव घ्यावं, बस.”

तिच्या हातात मी होते. मी ते ऐकलं.

मग आनंदराज सर आले. रेणापूरजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी खोकंभर छोटे संगणक आणले होते, तळहाताएवढ्या हिरव्या पाट्या, पाटीवर अख्खा संगणक. पूर्वी एका दुकानात हे संगणक जाहिराती दाखवायचे; ते दुकान बंद पडलं. आता मालक नाही, पासवर्ड नाही आणि जाहिरातीशिवाय त्यांना दुसरं काही येत नाही.

“सातवीच्या पोरींनी अजून कीबोर्डला बोट लावलं नाही,” सर म्हणाले. “रविवारी भंगारवाला येतोय. जमत असेल तर सांगा, नाहीतर देऊन टाकतो.”

“जमतंय सर,” जगदेवी म्हणाली.

सर गेल्यावर मिस्त्री पुटपुटले, “दुकानाचा शब्द दिलास, पोरी.”

मित्रांनो, संगणकात सगळ्यात आधी कोण जागं होतं, माहीत आहे? फर्मवेअर. घरातल्या पहिल्या उठणाऱ्या बाईसारखी ती असते. वीज आली की ती उठते, दाराची कडी काढते, घरात काय आहे नाही ते चाचपते आणि मग मोठ्या कारभाऱ्याला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, हाक मारते. ह्या पाट्यांमधली फर्मवेअर कंपनीची होती. ती कंपनीच्याच कारभाऱ्याला हाक मारायची, दुसऱ्याला उंबऱ्यात पाय ठेवू देत नसे. जगदेवीला तिथं मराठी लिहिता येणारी, सगळ्यांसाठी खुली अशी सिस्टिम बसवायची होती. म्हणून आधी पहिली उठणारी बदलायला हवी होती.

तिनं एका पाटीतला कंपनीचा कारभारी आणि जुनी फर्मवेअर, दोन्ही पुसली आणि नवी फर्मवेअर लिहायला लावली. लिहून होईपर्यंत ती गुणगुणत होती:

पहिली माझी ओवी, पहिल्या उठणाऱ्या बाईला
तिनं कडी काढली, तवा उजेड घराला

लिहून झालं. नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला. वीज दिली. पडदा काळा.

पुन्हा दिली. काळाच.

“मेलं,” मिस्त्री म्हणाले. “जाहिरात तरी दावत हुतं. आता ते बी गेलं.”

जगदेवीनं मला उचललं. तिनं काळी पाटीच्या जमिनीला लावली, पांढरी तिच्या तोंडाला, हिरवी तिच्या कानाला. तांबडी नेहमीसारखी बाजूला. मी कान दिला आणि ऐकलं ते लॅपटॉपावर उमटलं: प्रश्नचिन्हं, फुटके चौकोन, भलतीच अक्षरं. नुसता कचरा.

“बग,” मिस्त्री म्हणाले, “ही चौतारी बी येडी झाली.”

ते आपल्या कोपऱ्यात वळले आणि एका गिऱ्हाइकाच्या रेडिओचं बटण फिरवू लागले. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. बोटानं केसभर सरकवलं, आणि परभणी आकाशवाणीचा शेतीचा कार्यक्रम स्वच्छ ऐकू आला. सोयाबीनवरच्या अळीची माहिती.

जगदेवीनं मान वर केली. ती रेडिओकडं बघत राहिली.

“मामा! तिकडं कुणीतरी बोलून राहिलंय. आपलीच सुई भलतीकडं हाय!”

पाटी फार वेगानं बोलत होती आणि मी सवयीच्या संथ चालीनं ऐकत होते. जगदेवीनं माझा वेग वाढवला, दहापटीहून जास्त. मित्रांनो, माझ्यासारख्या स्वस्त केबली त्या वेगाला दमतात, अक्षरं सांडतात. मी एकही अक्षर सांडलं नाही. हे मी मोठ्या अभिमानानं सांगते.

लॅपटॉपावर ओळी सरसर उतरल्या. नवी फर्मवेअर जिवंत होती! तिला पडद्याची ओळख नव्हती, म्हणून ती बिचारी अंधारात एकटीच बडबडत होती: मी उठले, कडी काढली, पण कारभारी कुठे दिसत नाही. ती त्याला आतल्या, पुसलेल्या जागेत शोधत होती. जगदेवीनं माझ्या हिरव्या तारेतून तिला सांगितलं, आधी पेनड्राइव्हकडं बघ. तिनं बघितलं. हाक मारली. कारभारी उठला आणि त्यानं पडदा उजळला.

मिस्त्री चष्मा काढून पुसत बसले. “हं,” म्हणाले. पण ह्या वेळचा हं जरा लांब होता.

शनिवारपर्यंत खोक्यातल्या सगळ्या पाट्या उठल्या. एकेकीचा पहिला शब्द माझ्याच कानातून गेला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काळा पडदा दिसला म्हणून कुणाला लगेच भंगारात टाकू नका. मुकं आणि मेलेलं यांत फार अंतर असतं. जुनी वस्तू खिळ्याला टांगायच्या आधी एकदा तिच्या तोंडाला आपला कान लावून बघा. आणि हे माणसांनाही लागू आहे, असं मी म्हणते ते एका प्रसंगामुळं.

त्या शनिवारी आम्ही शाळेत गेलो. पाट्या जुन्या पडद्यांना जोडल्या होत्या. सृष्टी नावाच्या सातवीतल्या मुलीनं एकेक अक्षर शोधत स्वतःचं नाव लिहिलं आणि आपल्याच नावाकडं बघून ती खुदकन हसली. आनंदराज सर मिस्त्रींकडं वळले.

“गुरुबसप्पा काका, हे केलं कुणी?”

जगदेवी मला गुंडाळत होती. उत्तर तिला पाठ होतं, मलाही. तरी तिचा हात थांबला.

मिस्त्रींनी तोंड उघडलं, मिटलं. उपरण्यानं कपाळ पुसलं. मुक्या रेडिओपुढं जसे ते थांबायचे, तसा आज सारा वर्ग त्यांच्यापुढं थांबला होता. जगदेवी खाली बघत, हळूच, त्यांच्याच सुरात म्हणाली, “बोला की वो मामा. किती रुसताव?”

मिस्त्री हसले. मग सरळ उभे राहिले.

“दुकानानं न्हाई केलं, सर,” ते म्हणाले. “आमच्या जगदेवीनं केलं. आजवर दुकानानं केलं म्हणून जे जे सांगितलं ना, ते बी तिनंच केलंय.”