जास्तीचे सतरा मार्क

"मॅडम, माझे मार्क जास्त लागलेत."

परीक्षा विभागाच्या खिडकीतून आलेलं हे वाक्य अंजना भालेराव यांच्या कानात शिरलं, पण डोक्यात शिरलं नाही. उल्हासनगरच्या या कॉलेजात त्या खिडकीमागे बसून त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. कमी मार्कांसाठी रडणारी पोरं, भांडणारे बाप, कुणाकुणाच्या चिठ्ठ्या घेऊन येणारे काका, सगळं पाहून झालं होतं. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिलं.

"फेरतपासणीची मुदत संपली बाळा. निकालापासून पंधरा दिवस."

"तसं नाही मॅडम. जास्त लागलेत. कॉस्टिंगच्या इंटरनलला मला चार होते. इथे एकवीस दिलेत."

अंजनाबाईंनी चष्मा वर केला. मुलगी बदलापूरची, कुळगावात राहणारी. नाव पायल. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि निकालानुसार पास झाली होती.

"चारच होते कशावरून?"

"सरांनी वर्गात पेपर दाखवले होते ना. अभ्यासच नव्हता केला मी, खोटं कशाला बोलू. आणि माझ्यानंतरचा रोल नंबर हिमानीचा. एकवीस तिला होते. तिच्या मार्कशीटवर चार आलेत. ती फेल झाली, मॅडम."

हिमानी म्हटल्यावर अंजनाबाईंना आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी याच खिडकीशी एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. वडिलांचं उल्हासनगरच्याच कॅम्पात कापडाचं दुकान. मुलगी पुनःपुन्हा सांगत होती, मॅडम, मेरे इक्कीस थे. निकाल लागून सतरा दिवस झाले होते. अंजनाबाईंनी अर्ज उघडूनही पाहिला नव्हता. नियम सांगून परत केला होता.

"तुझ्या मेंटॉरला विचारलंस?"

"विचारलं. त्या म्हणाल्या, वेडी आहेस का, लॉटरी लागलीय, गप बस. आणि मेंटॉरिंगच्या फॉर्मवर लिहिलं त्यांनी, योग्य मार्गदर्शन केले. माझी सही पण घेतली."

"पुढे काय करणार आहेस?"

"एक तारखेला जॉइन व्हायचंय. बँकेचं बॅक ऑफिस आहे, ठाण्याला. सगळे विषय क्लिअर पाहिजेत, असं लेटरमध्ये लिहिलंय."

"मग कशाला आलीस?"

पायलने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "हिमानी बोलत नाही माझ्याशी. तिला वाटतं मीच काहीतरी सेटिंग केली. मी काहीच नाही केलं मॅडम. पण आता गप बसले, तर केल्यासारखंच झालं ना."

तिला उद्या यायला सांगून अंजनाबाईंनी कपाट उघडलं. कॉस्टिंगचे सर तासिका तत्त्वावर होते, मार्चनंतर कॉलेज सोडून गेले होते. पण त्यांच्या हातची मार्कांची शीट फायलीत होती. रोल नंबर दोनशे चौदा, पायल, चार. दोनशे पंधरा, हिमानी, एकवीस. कॉम्प्युटरवर दोन्ही आकडे उलटे. शीटच्या तळाशी 'नोंद केली' असा शिक्का, आणि त्याखाली बारीक अक्षरात सही. अं. भा.

त्या दिवशी दुपारपासून सर्व्हर बंद पडत होता, सहाशे मुलांची नोंद संध्याकाळपर्यंत संपवायची होती, हे त्यांना आठवलं. पण सही त्यांचीच होती.

उपप्राचार्य विनीत सर याच कॉलेजात शिकलेले. त्यांचं हॉलतिकीट कधीकाळी अंजनाबाईंनीच दिलं होतं. त्यांनी शीट पाहिली आणि दार लोटून घेतलं.

"भालेराव मॅडम, कशाला उकरून काढताय? सप्टेंबरात कॉलेज तपासायला नॅकची कमिटी येतेय. एक मुलगी पास झालीय, ती खूश असायला हवी. दुसरीची मुदत गेलीय. नियम आपल्या बाजूने आहे."

"सर, आकडे उलटे पडलेत."

"पडले असतील. पण मग चूक कोणाची, तेही लिहावं लागेल. मेमो निघेल, सर्व्हिस बुकात नोंद होईल. ऑक्टोबरात तुम्ही रिटायर होताय. सगळं आयुष्य चांगलं काढलंत, आता शेवटी हे कशाला?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "जुनी शीट आहे. सापडत नाही म्हटलं, तर कोण बघायला येतंय?"

माणूस वाईट नव्हता. त्यांच्याच काळजीने बोलत होता. अंजनाबाईंनी शीट उचलली, फायलीत ठेवली आणि फाईल स्वतःबरोबर नेली.

पालेगावच्या फ्लॅटमध्ये त्यांचे यजमान शंकरराव लसूण सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला कोणी विचारलंय का चूक कोणाची ते?"

"अजून तरी नाही."

"विचारणार पण नाहीत."

"नाही."

शंकररावांनी सालं गोळा केली. "मग लिहून टाक. शेरा तर शेरा. रिटायर झाल्यावर सर्व्हिस बुक काय दाराला लावायचंय?"

दुसऱ्या दिवशी पायल आली, तेव्हा अंजनाबाईंनी तिला आत खुर्चीवर बसवलं. खिडकीच्या आतल्या बाजूला विद्यार्थ्याने बसायची पद्धत नव्हती.

"ऐक. मी अर्ज लिहितेय. तो वर विद्यापीठात गेला की तुझा निकाल बदलणार. ग्रेस धरली तरी चारावर पास होता येत नाही. ऑक्टोबरात परत पेपर. ती नोकरी थांबणार नाही. तू आत्ता उठून गेलीस, तर मी तुला काही म्हणणार नाही. मात्र हिमानीचं मला करावंच लागेल, आणि तिचं केलं की तुझं उघडं पडेल. घरी सांगितलंयस?"

"आईला सांगितलं. जेवली नाही काल." पायलने टेबलाकडे पाहत नाक पुसलं. "लिहा मॅडम."

अंजनाबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं: सदर चूक माझ्याकडून झाली आहे. विनीत सरांनी अर्ज वाचून म्हटलं, "निदान 'नजरचुकीने' तरी घाला." अंजनाबाईंनी तो शब्द घातला, कारण तो खरा होता.

दुरुस्ती यायला ऑगस्ट संपत आला. बँकेने पायलची जागा दुसऱ्याला दिली. अंजनाबाईंना मेमो मिळाला. 'मिळाला' असं लिहून त्यांनी पूर्ण नावानिशी सही केली. नेहमीची दोन अक्षरं नाहीत.

हिमानीची मार्कशीट शिपाई नेऊन देणार होता, पण त्या स्वतः गेल्या. दुकानात हिमानी गिऱ्हाइकासमोर कापडाचा तागा उलगडत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत अंजनाबाई बाजूला उभ्या राहिल्या. हिमानीने मार्कशीट घेतली, आडनावाचं स्पेलिंग तपासलं, मग एकवीसवर बोट ठेवलं.

"मैंने बोला था ना मॅडम."

"हो. तू सांगितलं होतंस. मी बघितलं नाही. माझंच चुकलं."

"एम.कॉम.चं ॲडमिशन तो बंद हो गया."

"हो."

हिमानीच्या वडिलांनी चहा मागवला. तिघांनी तो प्यायला. निघताना हिमानीने विचारलं, "ये पता कैसे चला?"

"पायल आली होती सांगायला. स्वतःहून."

हिमानी तागा परत गुंडाळायला लागली.

ऑक्टोबरात एटीकेटीची परीक्षा झाली. शिक्षक कमी पडले म्हणून ऑफिसमधल्या माणसांनाही वर्गावर पाठवलं. चौदा नंबरच्या खोलीत अंजनाबाई होत्या. त्यांच्या नोकरीचे नऊ दिवस उरले होते. तास उलटला तेव्हा तिसऱ्या बाकावरून हात वर झाला. त्या पुरवणी घेऊन गेल्या, नंबर टाकला, सही केली आणि कागद बाकावर ठेवला.

पायलने मान वर केली नाही. डाव्या हाताने पुरवणी पुढे ओढून घेतली आणि मधे न थांबता लिहीत राहिली. फॅनच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा उडायला लागला. अंजनाबाईंनी तो बोटाने दाबून धरला. तिचा हात त्या ओळीपर्यंत येईतो त्या तिथेच उभ्या राहिल्या.