फोटोनंतरचं कडवं

बाना आमच्या वर्गात आली तेव्हा मला ती आवडली होती, हे आधीच सांगून टाकते. दोन वेण्या, पायात टायरच्या चपला, रोज चितेगावहून एसटीनं यायची आणि पहिल्या तासाला हमखास उशीर करायची. बाई ओरडल्या की म्हणायची, "बाई, गाडीच रुसली होती." सगळा वर्ग हसायचा. मीपण हसायचे. मग ती गाण्यात आली आणि माझं हसू गेलं.

गाणं म्हणजे आमच्या शाळेचं गाणं, व्हिडिओवर काढलेलं. चित्रकलेच्या मगरे सरांच्या डोक्यातून निघालेली गोष्ट. दिवाळीच्या आधी लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून लग्नाची शूटिंग करणारा मोतीरामदादा त्याचा खांद्यावरचा कॅमेरा घेऊन यायला तयार झाला. स्नेहसंमेलनात सगळ्या शाळेपुढं टीव्हीवर दाखवायचं होतं. गाण्याचा विषय आमचं शहर. तीन कडवी होती, एक बानाचं, एक सगळ्या वर्गानं मिळून म्हटलेलं, आणि तिसरं माझं. लिहिलंही मी, गायलंही मी. पंधरा ऑगस्टला भाषण केल्यापासून मी कुणाला घाबरत नाही. तेव्हा टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांची चव एकदा लागली की लागली.

माझं कडवं नामांतराचं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला त्याच साली मी जन्मले. म्हणजे ती मागणी आणि मी एकाच वयाच्या. मी वाढले, नाव काही लागलं नाही. मी लिहिलं होतं:

*नाव मागतो आम्ही, दान नाय मागत,*
*पंधरा वर्षं झाली, उभं दारात जागत.*

आणि बानाचं कडवं काय, तर मेंढरांचं.

*मेंढरं आमची हिंडायची तिथं भोंगा वाजतो,*
*बा माझा काठी टाकून शिफ्टला जातो.*

बस. तिच्या वडलांनी, केरबाकाकांनी, मेंढरं विकून चितेगावच्या कंपनीत काम धरलं होतं, त्याचं गाणं. सुरुवातीला ती मेंढरं वळवायची आरोळी द्यायची, "हुर्रऽऽ हाऽऽ." याला काय गाणं म्हणायचं?

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "हे गाणं कोण बघणार?"

"सगळे," मी म्हणाले.

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

मी आमच्या गल्लीतल्या कडूबाई आजीचं नाव सांगितलं, माझ्या आईचं, पप्पांचं. बाना म्हणाली, "माझा बा. पण त्याला डुलकी लागंल, रातपाळी असती."

"बरोबर," सर म्हणाले. "डुलकी लागणारा माणूससुद्धा बघणाराच. बघणारा म्हणजे रिकामी बाटली नाही, आपण ओतलं की भरली. तो घरून काहीतरी घेऊन येतो. काय घेऊन येतो ते आपल्याला आधी कळलं पाहिजे."

माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती, जागा. दुसऱ्या कडव्यानंतर बाबासाहेबांचा फोटो येणार होता, पूर्ण पडदाभर. त्याच्या लगेच नंतर मी. ही जागा मी भांडून घेतली होती. बाबासाहेब आणि त्यांच्या मागोमाग मी, यापेक्षा मोठा मान कुठला? बानाला सगळ्यात आधी टाकलं.

मोतीरामदादानं दोन व्हीसीआर तारेनं जोडून टेप तयार केली. संमेलनाआधी ती लोकांना दाखवून बघायची असं सरांनी ठरवलं. रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या विहारात, वंदना झाल्यावर, भाड्याचा टीव्ही लावला. सगळी गल्ली सतरंजीवर. सर आम्हाला म्हणाले, "तुम्ही टीव्हीकडं बघायचं नाही. टीव्हीच्या बाजूला उभं राहून माणसांची तोंडं बघायची."

मला वाटलं, हे तर फारच छान. माझं कडवं लागल्यावर लोकांची तोंडं कशी होतात ते डोळे भरून बघेन.

टेप सुरू झाली. "हुर्रऽऽ हाऽऽ." एक बारकं पोर दचकून आईला बिलगलं आणि सगळे हसले. मग भोंग्याची ओळ आली आणि हसू थांबलं. चिकलठाण्याच्या कंपन्यांत जाणारी माणसं पुढं सरकली. माझे पप्पासुद्धा! पप्पांचं तोंड इतकं मऊ झालेलं मी घरात कधी बघितलं नव्हतं.

दुसरं कडवं गेलं. फोटो आला.

आणि सगळे उठले.

अख्खी गल्ली उभी! हात जोडलेले, "जय भीम", "बाबासाहेबांचा विजय असो", पाठीमागून अजून एक घोषणा. कुणी रडणारं पोर कडेवर घेतलं, कुणी शेजारणीच्या पदरावर पाय दिला, मग "सरक की गं जराशी" असं सगळं होऊन लोक खाली बसेपर्यंत माझं कडवं संपलंसुद्धा. मला कोणाचं तोंडच दिसलं नाही. नुसती पोटं आणि जोडलेले हात.

नंतर सरांनी विचारलं, "काय लक्षात राहिलं?"

"ती मेंढरावाली पोरगी!" चारी बाजूंनी एकच.

"भोंगा मातर आमच्या कंपनीचा वाटंना," एक काका म्हणाले. "आमचा जरा घोगरा हाय."

आणि माझी आई, सख्खी आई, म्हणाली, "पारू, तू कुठं होतीस गं त्यात?"

बाना शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेत सर म्हणाले, "संमेलनात आपल्याला वेळ कमी मिळालाय. एखादं कडवं काढावं लागेल. जे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही ते ठेवून करायचं काय?"

म्हणजे माझं. सरळ माझंच.

"सर, लोक उभे राहिले!" मी जवळजवळ ओरडले. "माझं कडवं कुणी ऐकलंच नाही, मग आवडलं नाही असं कसं म्हणता? फोटोनंतर कुणीही असतं तरी हेच झालं असतं."

सरांनी चष्मा काढला. "हे तू बघितलंस? शाबास. मग काय करू या?"

"बानाचं कडवं फोटोनंतर टाका. माझं आधी."

मी हे का म्हणाले ते मला नीट माहीत होतं. जाऊ दे तिलाही त्या पोटांमध्ये.

"टाका की," बाना म्हणाली. "फक्त गावात म्हणतील, केरबाची पोरगी नामांतरवाल्यांच्या गाण्यात गेली. फोटोच्या लगेच मागं आले तर जास्तच म्हणतील."

"मग नको का?" सरांनी विचारलं.

"म्हणू द्या. बोलणाऱ्याचं तोंड दुखंल."

घ्या! गळा हिचा, लोक हिचे, माझे पप्पा हिचे, आणि आता धाडसपण हिचंच? माझ्या वाट्याला काही ठेवशील की नाही, असं मला विचारायचं होतं. घरी जाऊन भाकरी न खाता झोपले.

पुढच्या रविवारी परत विहार. आता माझं कडवं पहिलं. सगळ्यांनी ऐकलं, शांत बसून. मी तोंडं शोधत होते. पण तोंडं तशीच होती, नळाच्या रांगेत उभं असल्यासारखी. मग फोटो आला, सगळे उठले, घोषणा, गोंधळ, आणि मी मनात म्हणाले, आता बघू.

"हुर्रऽऽ हाऽऽ!"

शपथेवर सांगते, लोक खाली बसले. त्या आरोळीनं मेंढरं वळावीत तसे वळले आणि बसले. कडूबाई आजी तर हसून म्हणाली, "बसा गं, पोरगी हाकारती." बानाचं कडवं परत सगळ्यांनी ऐकलं, पहिल्यापेक्षा जास्त ऐकलं.

सरांनी विचारायच्या आधीच मी कडूबाई आजीसमोर जाऊन बसले. "आजी, माझं कसं वाटलं? खरं सांग."

"खरं सांगू?" आजीनं मिश्रीचं बोट दातावरून काढलं. "शब्द लई चांगले. मी सोताच मोर्चात होते, मला ठावं हाय ते दारात उभं ऱ्हाणं. पर तू आरशात बघितल्यावानी बघती. मी कशी दिसते, मी कशी दिसते. आमाला कुठं बोलती तू?"

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही, कारण बाना मागं उभी होती आणि तिच्यासमोर मी मेले तरी रडले नसते.

"सर, माझं परत घ्या," मी म्हणाले. "टेपवर जागा आहे. एकदाच."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही विद्यापीठाच्या कमानीसमोर गेलो. मोतीरामदादानं कॅमेरा खांद्यावर घेतला. सरांनी टेपरेकॉर्डरवर गाणं लावलं. मी कमानीकडं बघून गायले. "नाय जमलं," दादा म्हणाला. रस्त्याकडं बघून गायले. "पोरी, लग्नातली करवली वाटतीस. आता टेप उरली एका वेळची."

तेवढ्यात मला बाना दिसली. दादाच्या मागं उभी राहून तिखट-मीठ लावलेला पेरू खात होती. निवांत. जगात काही कमी नसल्यासारखी. ही पोरगी गाडीतून उतरते काय, आरोळी देते काय, आणि सगळे आपोआप तिच्याकडं वळतात काय! आणि मी? मी लिहायचं, मी पाठ करायचं, मी भांडून जागा घ्यायची, आणि तरी दारातच उभं राहायचं?

माझ्या कानात माझेच शब्द वाजले. दारात.

"लावा सर," मी म्हणाले, आणि बानाच्या डोळ्यांत बघून गायले. कशी दिसते ते विसरले. नाव मागतो आम्ही, दान नाय मागत. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला कळत होत्या. बानाचं चावणं थांबलं. मागं सायकली धरून चाललेली कॉलेजची मुलं थांबली. गाणं संपल्यावर त्यातला एक जण हळूच "जय भीम" म्हणाला, घोषणेसारखं नाही, ओळखीच्याला म्हणतात तसं.

"आलं," मोतीरामदादा म्हणाला.

"राहिलं कडवं," सर म्हणाले. "वेळेचं मी मुख्याध्यापकांशी बोलतो."

बाना जवळ आली. "कुणावर चिडली होतीस गं एवढी?"

"सरकारवर."

"मला वाटलं माझ्यावर."

"तुझ्यावरबी. थोडी."

"थोडी?" तिनं भुवया उडवल्या. "मला घाम फुटला की."

सर टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत होते. "आता क्रम सांगा. फोटोनंतर कोण?"

"मी," मी म्हणाले. "पण फोटो लांबवा. लोकांना उठू द्या, जय भीम म्हणू द्या, पोरं-पदर आवरून बसू द्या. ते घाईनं उरकायचं नाहीये. ते झालं की मग मी."

सरांनी वायर तशीच हातात धरली. "म्हणजे त्यांचीही एक ओळ गाण्यात."

"व्हय."

"अन् मी?" बानानं विचारलं.

"तू सगळ्यात आधी."

"म्हणजे शेवट तुला पायजे."

"पायजे," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"घे मग. तरी लोक मेंढरावालीच म्हणतील, बघ." ती हसली आणि उरलेला पेरू तोंडाकडं न्यायला लागली. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि सगळ्यात मोठा घास तोडला.