तीन ग्रॅमची पट्टी

माझी नात पाठीवर एकच सॅक घेऊन आठ महिने परदेशात फिरायला निघाली होती. सामान सात किलोंच्या आत बसवायचं म्हणून तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवला. टूथब्रशची दांडी अर्धी कापली, तेव्हा मी हसले. मग केराच्या टोपलीत शर्टांच्या लेबलांबरोबर मला माझी पांढरी पट्टी दिसली आणि माझं डोकंच फिरलं.

"ही का कापलीस गं?"

"अगं आजी, सॅकच्या आत होती ती. मला कंपनीचं लेबल वाटलं. तीन ग्रॅम वाचले!"

"ग्रॅम वाचले म्हणे! पट्टी वाचलीस का?"

तिने टोपलीतून पट्टी उचलली आणि वाचली.

मी तीस वर्षं कारखान्यात कपड्यांना लेबलं लावली, पण त्यावरचं एक अक्षर मला कळत नव्हतं. साठीनंतर लिहाय-वाचायला शिकले. पोरगी परक्या मुलखात कुठे पडली-झडली तर कुणीतरी आम्हाला कळवावं, म्हणून त्या पट्टीवर तिचं नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लाल दोऱ्याने भरला. चार दिवस लागले. आणि ही एवढी शिकलेली, हिने नजरसुद्धा टाकली नाही!

"इतकं सुबक होतं, म्हणून तर फसले," ती पुटपुटली.

"लाडीगोडी लावू नकोस. आण ती सॅक इकडे."

मी पट्टी पुन्हा दुहेरी दोऱ्याने पक्की शिवली आणि सॅक तिच्यापुढे आदळली.

"आता चार ग्रॅम भरतील. जड झाले तर ब्रशची उरलेली दांडी काप."