किटलीचा प्रवास

काच आणि चिनी माती फुटते ती केवळ माणसाच्या निष्काळजीपणामुळे, असं माझं ठाम मत आहे. हे मत हातवारे करून मांडताना आमच्या घरातले दोन पेले कमी झाले.

म्हणून बायकोने तिच्या आईची चिनी मातीची किटली लेकीला पार्सलने पाठवायची ठरवली, तेव्हा बांधाबांध करायला मीच पुढे झालो.

"आईची एवढीच वस्तू उरलीय," ती म्हणाली. "फुटली, तर पुढच्या खोक्यात तुम्हालाच बसवून पाठवीन."

मी किटलीच्या पोटात कागदाचे बोळे कोंबले, झाकण वेगळं गुंडाळलं आणि सगळं खोक्यात घालून चिकटपट्टी मारली. खोकं कानाशी धरून हलवलं, तर आत काहीतरी कुजबुजलं. मग ते खोकं दुसऱ्या खोक्यात आणि दुसरं तिसऱ्यात, मध्ये जुन्या चादरी. पाचव्या खोक्याने एकदाचं मौन धरलं. बायकोने न मागता चहा दिला.

चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला. बायकोने तो माझ्या हातातून हिसकावला.

"फुटली का गं?"

"नाही गं आई! सकाळपासून आम्ही दोघं नुसते सोलतोय. किटली शाबूत निघाली, पण झाकण अजून सापडायचंय. जरा बाबांना दे."

मी विजयी मुद्रेने फोन घेतला.

"बाबा, आमची कात्री मोडली हो. तुमची मोठी कात्री पाठवता का? पण पाया पडते, साध्या पाकिटात घाला."